चारशे सीसी

हिला किक अर्धवट मनानं मारू नकोस.
मारलीस तर तीच परत मारते.
सुभानभाईंचा घोटा अजून थंडीत तारीख सांगतो.

रविवारी उजाडता उजाडता
बडोद्याहून टेम्पोत घालून आणतो,
सिंधरोटला, महीच्या कोतरांत उतरवतो
दोघांनी धरून, आजारी रेड्यासारखी.
पेट्रोलात एरंडेल, विसास एक.
धूर निघाला की वांग्याच्या वाडीतला रमणभाई
नाक धरतो, आणि बघायलाही येतो.

आधी काही नाही.
मूठ पिळ, काही नाही.
अजून थोडी,
आणि मग सगळं एकदम!
पुढचं चाक हवेत, मागे मातीचा फवारा,
पोट कुठेतरी बाभळीपाशीच राहिलेलं.

उभी राहा. गुडघ्यांनी टाकी धर.
हात मात्र सैल,
ओला पापड उचलताना असतात तसे.
हँडल आवळलंस की तिला कळतं.
ब्रेक? आहेत म्हणायला.

तेवीस वर्षं बँकेत मी लोकांच्या सह्या जुळवल्या.
इथे माझीच दर फेरीला वेगळी पडते,
वळणावर शेपूट फेकलेली, ओल्या वाळूत.

मागच्या खेपेला पडले.
उताणी. वर घार, कानात शिट्टी,
बाजूला चाक फिरतंय आपलं निवांत.
सुभानभाई लंगडत धावत आले
ते आधी तिच्याकडे.
क्लचचा दांडा वाकला होता, तेवढंच.

मी नंतर उठले.