परवाना, मोठ्याने वाचलेला

उजवा खांदा गेला, स्क्विड सोलता सोलता.
गेला म्हणजे आहे जागेवरच,
पण केस विंचरायला हात वर येत नाही,
आणि रात्री कूस बदलली
की आत कुणीतरी बिजागरी पिरगाळतं.

हाकोदाते स्टेशनसमोर एक पाटी आहे:
साठ मिनिटं, दोन हजार नऊशे ऐंशी येन.
पाटीवरच्या बाईच्या पाठीवर गरम दगड, ओठांवर हसू.
'मसाज' हा शब्द मात्र कुठेच नाही,
नुसतं 'सैल व्हा', 'स्वतःला एक तास द्या'.
मी विचारलं, शिकलात कुठे?
मुलगी गोड होती. म्हणाली, कंपनीतच. दहा दिवस.
मला सुरी धरायला शिकवलं
त्याला एकवीस दिवस लागले होते,
आणि मासा मेलेला असतो.

दवाखान्याशेजारच्या गृहस्थांकडे सगळं होतं:
तीन वर्षांचं शिक्षण, सरकारी परीक्षा,
लाल शिक्का, काचेआड.
दरपत्रकही काचेआडच.
एका बैठकीला माझी दीड दिवसाची मजुरी.
कमावताना दुखतो तो खांदा,
बरा करताना कमाईच गेली
तर कुणाचं कोण दुखतंय?
वाकून नमस्कार केला (तोही दुखला)
आणि बाहेर पडले.

मग पॅकिंगमधल्या इसेकीबाई म्हणाल्या,
अगं, वर अंधशाळा आहे की.
शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हात बसवतात,
मंगळवारी नि शुक्रवारी. आठशे येन.
ट्राम शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे चढ.
आणि टॉवेल आपला ने.

विद्यार्थी म्हणजे मला वाटलं कोवळं पोर असेल.
निघाले मोरिशिगे, वय एक्केचाळीस,
डोळे जाईपर्यंत बर्फात ट्रक चालवायचे.
आधी प्रश्नच वीस मिनिटं:
रक्तदाब? गोळ्या? पडलात कधी?
बोटांना मुंग्या? कुठल्या बोटांना?
इतकं मला लग्न ठरवतानाही कुणी विचारलं नव्हतं.
मग, 'आता मानेवर हात ठेवतोय,'
आणि ठेवला.
'आता थोडं खाली,'
आणि थोडंच खाली.

एका जागी बोटं थांबली.
गेली, परत आली, थांबली.
'सर,' ते म्हणाले, 'इथे मला कळत नाही.'

उरुशिहारा सर आले, चार पावलं, मोजून.
त्यांनाही दिसत नाही.
त्यांनी मोरिशिगेंच्या हातावर हात ठेवला,
माझ्या खांद्यावर दोघांचे हात,
आणि खोलीत घड्याळाशिवाय कुणी बोलेना.
'बरोबर थांबलात,' सर म्हणाले.
'इथे दाबायचं नाही. बाई, आधी फोटो काढून घ्या हाडाचा.
चिठ्ठी देतो.'

भिंतीवर त्यांचा परवाना होता, वाकडा टांगलेला.
मी वाकडा म्हणाले नाही. म्हणाले, बघू का?
'बघा की. आणि जरा मोठ्याने वाचाल?
बायको गेल्यापासून कुणी वाचला नाही.'

मी वाचला. शाळेत वाचायची तसा, उभी राहून.
त्यांच्या नावात एक अक्षर अडलं, त्यांनी सांगितलं.
तारीख वाचली. मी तेव्हा नऊ वर्षांची.
क्रमांक निम्मा वाचला,
उरलेले आकडे ते माझ्याबरोबर म्हणाले,
पाढ्यासारखे.
पडद्यापलीकडे मोरिशिगे चादर घडी करत होते,
घडी अर्धीच राहिली.
त्यांची परीक्षा फेब्रुवारीत आहे.

डाव्या हाताने मी चौकट सरळ केली.
कुणाला कळलं नाही.
किंवा कळलं असेल, खिळा कुरकुरला होता.

उतारावर वारा समोरून येत होता.
खांदा होता तसाच दुखत होता,
खिशात चिठ्ठी, आठशे येन कमी,
आणि एक माणूस मला सांगून मोकळा झालेला
की त्याला कुठवर येतं आणि कुठून पुढे येत नाही.
आमच्या फोरमनला हे कुणी शिकवलं तर.

शुक्रवारची वेळ घेऊन आले आहे.
डाव्यासाठी.