झाकणावरचा दगड

नागोव्यात ब्रिजिदाबाईंच्या घरामागं दोन खोल्या,
आम्ही पाचजणी, बाथरूम एक.
कडी मोडलेली. आत कुणी असेल तर
दारावर ओढणी टाकायची.
ओढणीला गाठ असेल तर उशीर लागणार, दार वाजवू नका.
हा नियम कुणी केला नाही, होत गेला.

गोळ्यांच्या कारखान्यात आम्ही
टोपीपासून बुटापर्यंत पांढऱ्या.
पांढऱ्यात आठ तास उभं राहून
"जरा जाऊन येते" कितीदा म्हणणार?

सुलक्षा साखळीची. घरी तिला चार दिवस वेगळी चटई.
इथं चटईला जागाच नाही.
पहिल्या महिन्यात ती रात्रभर उंबऱ्यात बसली.
नफीसा म्हणाली, आत ये गं, डास येतात.
तेव्हापासून आमच्यातच झोपते.
घरी सांगितलेलं नाही.

दर्शनीचा कप उकळायचं पातेलं छोटं,
कानाला हिरवा दोरा.
एकदा मी त्यात चहा केला, सगळ्यांना पाजला,
दोरा नंतर दिसला.
दर्शनी हसून हसून खाटेवरून पडली.
सुलक्षानं दोन दिवस
माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

आणि तो रविवार.
लोक मिसाहून परतत होते.
ब्रिजिदाबाईंच्या कुत्र्यानं आमच्या बादलीतली पुडी
ओढत नेली थेट बाल्कांवावर
आणि कागद सोडवू लागला, मन लावून,
वधूवरांच्या जाहिरातींचं पान.
बाई पायरीवर, ठेवणीतला झगा, हातात पंखा.
आम्ही खिडकीशी, एकीवर एक.
कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
कॅलेंडरवर माझा ठिपका होता.

वाटलं, गेली खोली.
बाईंनी चप्पल काढली, कुत्र्याला एक दिली,
पुडी पंख्यावर उचलून
सगळ्यांदेखत चालत मागं गेल्या.

संध्याकाळी बादलीच्या जागी पत्र्याचा डबा,
झाकणावर चिऱ्याचा तुकडा.
"कागदार तांबडी खूण करात," म्हणाल्या,
"गाडयेवयल्या भुरग्यांक हात घालचो पडटा."
त्या पोरांचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.
जाता जाता, आमच्याकडं न बघता,
विहिरीमागच्या एका दगडाबद्दल बोलल्या,
ज्यावर त्या अंधारात फडकी धूत.
किती वर्षं, ते सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात भाडं दोनशेनं वाढवलं.

चिरा अजून आहे. उचलला की पत्रा वाजतो.
रात्रपाळीहून येताना फाटकातच ऐकू येतं:
कुणीतरी जागी आहे.