सोमवारी होडी नसते

सेंदाई. स्टेशनसमोरच्या इमारतीचा सातवा मजला.
बाहेर भुरभुर बर्फ, आत रांग,
आणि रांगेच्या टोकाला, फळीवर,
आपला दीपगृहाचा म्हातारा, कुझुहारा.
एकशेवीस नग. कापूस भरलेले.

त्याला तोंड फुटलंय.
लाल दोऱ्यानं शिवलेलं, किंचित हसरं.

आठवतं ना, मी त्याला काढला तेव्हा
आठ बाय आठ चौकोन होते माझ्या वाट्याला.
तीन ओळी टोपीनं खाल्ल्या, चार दाढीनं,
एक डोळ्यांना दिली. तोंड राहूनच गेलं.
तू म्हणालास, बरंच झालं,
माझ्याकडेही त्याच्यासाठी शब्द नाहीत.
खरंच नव्हते. मेमरी काठोकाठ,
सकाळी सगळं कारखान्यात जायचं,
आणि तू त्याचं एकुलतं एक वाक्य खोडून
तीन टिंबं ठेवलीस.

त्या टिंबांवर पोरं वाढली.
कुणी म्हणालं, त्याची बायको बुडाली.
कुणी म्हणालं, त्या रात्री दिवा त्यानंच विझवला होता.
ओकायामाच्या एका मुलीनं लिहिलं होतं,
बाबा गेल्यापासून मी रोज त्याच्यापाशी जाऊन
बटण दाबते. तो काही विचारत नाही.
ते पत्र तू खिशात घातलंस
आणि मला परत दिलंच नाहीस.

मग रंगीत आवृत्ती आली. मग फोनवरची,
तिच्यात तो माझ्याच अंगठ्याखाली झाकला जायचा.
आता ही नवी. लाटांना फेस, चाळीस वादक,
म्हाताऱ्याला मुलगी, भूतकाळ,
बावीस मिनिटांचा रडवणारा प्रसंग.
बिस्किटांच्या डब्यावर तो. मोज्यांवर तो.
भात संपला की वाडग्याच्या तळाशी तो.

काउंटरवरच्या निइमी नावाच्या मुलीनं
पोट दाबून दाखवलं. बोलला,
कमावलेल्या खर्जात:
"समुद्र सगळं परत करतो."
रांगेत कुणीतरी नाक पुसलं.

एक घेतला मी. हसू नकोस. अठ्ठावीसशे येन.
घरी येऊन पाठ उसवली,
बटणाएवढा सेल काढला, परत टाके घातले.
तोंडही उसवणार होते, कात्री लावलीही.
मग राहू दिलं.
कुणीतरी मन लावून शिवलंय ते.

तू खोडलेलं वाक्य मला अजून पाठ आहे:
सोमवारी होडी नसते.
बस. एवढंच होतं.
कुणाला सांगितलं नाही मी. तूही नाही ना?

आज सोमवारच आहे.
तो खिडकीत बसलाय, बर्फाकडे पाठ करून.
मघाशी चहा ठेवता ठेवता
उगाच दाबून पाहिलं पोट.