कान लावून

सुरत रस्त्यानं, ट्रकवर पालथ्या झोपून
आठ बोटी सारंगखेड्याला आल्या.
कस्टमची चिठ्ठी अजून चिकटलेली.
उखा भोई विडी विझवत म्हणाला,
"हाई डोंगी नही रे, बादली शे."

तो फटींत कापूस ठासायचा,
जिनिंगच्या अंगणातून झाडून आणलेला,
वर राळ.
मग रात्रभर डोंगी तापीत बुडवून ठेवायची,
लाकडाला पाणी कळावं म्हणून.

तिसऱ्या उन्हाळ्यात फायबरला चिरा गेल्या.
सुटे भाग कुठल्याशा बंदरात अडकलेले.
क्लबच्या मॅनेजरनं उखाला बोलावलं.
त्यानं बोटानं टकटक केलं, कान लावला,
बराच वेळ.
"काहीच बोलत नही."

वाकस माझ्या तिकीटखिडकीत ठेवून
तो चढ चढून गेला.
कोरी तिकिटं मी त्याखाली दाबली.
वारा होता.