आयत्या वेळचे विषय

नोव्हेंबरची सभा. दुपारचे बारा, आणि खिडकीत
निळी शाई पाण्यात सोडावी तसा ट्रॉम्सो.
गणसंख्या पूर्ण. थर्मासात कॉफी.
अध्यक्षस्थानी अधिष्ठाता हाल्व्होर,
ज्यांच्या घशातून 'तर मग' निघालं
की विषय संपला असं समजायचं.

मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं.
आरोग्यविज्ञान शाखेच्या सात समित्या,
त्यांच्या चार उपसमित्या,
आणि हे सल्लागार मंडळ, ज्याचा सल्ला
'विचारार्थ' ह्या शब्दाच्या पुढे सहसा जात नाही.

दंतवैद्यक, औषधनिर्माण, भौतिकोपचार,
नगरपालिकेचा एक माणूस (दर वेळी नवा),
विद्यार्थ्यांतर्फे काराशोकचा आइलु,
आणि रुग्णांतर्फे ओद्लाउग.
रुग्णांतर्फे म्हणजे नक्की कुणातर्फे,
हे तिनं पहिल्याच सभेत विचारलं होतं.
सगळे हसले. ते मी लिहिलं नाही.

ती शेर्वोयहून बोटीनं येते, अडीच तास.
चाळीस वर्षं कॉड चिरलेले हात
कागदांच्या शेजारी ठेवते,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे.

विषय सहा झाला: गुणांकांची फेरवाटणी.
मग अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे.
म्हणजे घड्याळं बघायची वेळ. तेव्हा ती म्हणाली,
माझा भाऊ वॉर्डात अकरा आठवडे होता.
सगळे चांगले वागले. तक्रार नाही.
पण पायाची नखं वाढून मोज्यात अडकायची.
एका मुलीनं कापली. शिकाऊ होती. ड्यूटी संपली,
कोट घालून निघाली, आणि परत आली.
तर मला विचारायचंय,
हे तुम्ही कुठल्या विषयात शिकवता?

तोरिलनं आराखड्याची पानं उलटली.
पाय तसे आमच्याकडे येत नाहीत, भौतिकोपचार म्हणाले.
मधुमेह असेल तर वेगळी मार्गदर्शिका आहे.
दंतवैद्यकाचे आर्न्फिन स्वतःची नखं बघत बसले.
फार मोलाचा मुद्दा, हाल्व्होर म्हणाले. तर मग.

मी लिहिलं: 'सदस्या ओ. हेन्रिक्सन यांनी
मूलभूत परिचर्येच्या अनुषंगाने मत मांडले.
नोंद घेण्यात आली.'
चांगलं वाक्य होतं. अशी वाक्यं
माझ्या हातून न बघताही उतरतात.

फेब्रुवारी. सूर्य परत येऊन तीन आठवडे,
टेबलावर त्याची वीतभर पट्टी,
जो तो आपली खुर्ची तिच्याकडे सरकवतोय.
विषय एक: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
ह्या विषयावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही.
ओद्लाउगनं चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवून वाचलं,
आणि माझ्याकडे बघून विचारलं,
'नखं कुठे गेली?'

पंचवीस मिनिटं गेली त्यात.
'अनुषंगाने'मध्ये ती आलीच, असं एक मत पडलं.
नगरपालिकेच्या नव्या माणसाला काही कळेना.
सूचक आइलु. अनुमोदक कुणीच नाही.
मग आर्न्फिन, खिशातून हात न काढता, हो म्हणाले.
दुरुस्ती मंजूर. मी 'नखे' लिहिलं.
अभ्यासक्रमात काही बदललं नाही.
तो दुसऱ्या समितीकडे असतो.

नंतर कोटांच्या खुंट्यांपाशी
आइलु तिला विचारत होता, अंगठ्याचं कसं कापायचं.
आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं, ती सांगत होती,
सरळ काप, कोपऱ्यात खोल जाऊ नकोस,
आणि बोलत राहा, पण नखाकडे बघून.
तोंडाकडे बघितलंस की माणूस लाजतो.
माझी वही बॅगेत गेली होती.

संध्याकाळी तिचा प्रवासखर्चाचा अर्ज समोर आला.
बोट जाऊन-येऊन, बस एक, जेवण नाही (डबा आणला होता).
'प्रयोजन' ह्या रकान्यात सगळे 'सभा' लिहितात.
तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: नखं.
मी शिक्का मारला
आणि लेखा विभागाकडे पाठवून दिला.