कुशीवर

अठ्ठाविसावा दिवस. ग्युम्रीत उणे एकोणीस.
प्रयोगशाळेच्या काचेवर आतूनच बर्फ धरलाय,
आरागात्स दिसत नाही, आहे असं धरून चाललोय.

तीन पोकळ ठोकळे, मध्ये मसाल्याचे दोन सांधे,
दोन्ही टोकांना जिप्समचा लेप,
भार एकाच कोपऱ्यावर रुसून बसू नये म्हणून.
उभे ठेवले ते काल शहाण्यासारखे वागले.
चौरस मिलिमीटरला साडेनऊ न्यूटन. पावणेदहा. पुन्हा साडेनऊ.
मुशेघने वहीत रेघ मारली, येरेवानला फोन केला.

पण कमानीत ठोकळा भिंतीसारखा उभा राहत नाही.
छताच्या वळणावर तो कलतो, कुशीवर होतो,
आणि दाब येतो बरगड्यांतून,
जिथे पोकळी आहे तिथून.
म्हणून आजचे तिन्ही नमुने आडवे.

वाराझ्दात गवंडी स्टुलावर बसलेत, कामाशिवाय.
ठोकळ्यावर नाण्याने टिचकी मारतात,
कान लावतात, काही बोलत नाहीत.
रानओव्याचा चहा पेल्यात गार होतो.

मी पंप सुरू करते.
काटा चढतो. आधी काहीच नाही.
मग एक आवाज, सुकलं पान चुरगाळावं तसा,
मग पातळ भिंतीवर केसाएवढी रेघ,
कुठे जायचं हे घरूनच ठरवून आलेली.

साडेतीन.
पुढचा सव्वाचार.
शेवटचा पावणेतीन, आणि तो तुटला नाही, उमलला,
चारी बाजू बाहेर, मधे हवेचा चौकोन.

मुशेघ म्हणाला, हा सोडून देऊ.
सांधा कच्चा होता, हेघ्नार, बघ ना,
थंडीत मसाल्याने नीट धरलं नसेल.
उरलेल्या दोघांची सरासरी चाराला जराशी कमी,
चार लिहू,
शाळेचंच तर छत आहे.

तेव्हा वाराझ्दात उठले. आवाज चढवला नाही.
"त्या वर्षीही आकडा गोलच केला होता," म्हणाले.
"दहा पोत्यांतली सहा मिक्सरपर्यंत पोचायची.
सही वरचे करायचे.
मोजायचो मी."

कोणत्या वर्षी, हे या गावात कोणी विचारत नाही.
डिसेंबरातली सकाळ, मधल्या सुट्टीच्या आधीची.
मी जन्मले नव्हते; डोमिकच्या पत्र्यात वाढले.
हिवाळ्यात भिंतीला जीभ लावू नकोस,
बांधकामातलं हे मला मिळालेलं पहिलं शिक्षण.

मुशेघने टोपी काढली, पुन्हा घातली.

मी लिहिलं: पावणेतीन.
पुढे शेरा नाही.
म्हणजे कमान आणखी उंच काढावी लागेल,
बाजूच्या भिंतींचे खांदे रुंद करावे लागतील,
आणि पाव अंतरावर वाळूची पोती रचून पाहावं लागेल,
कारण कमान मधोमध नाही,
तिथे आधी गुडघा वाकवते.
खर्च वाढेल. बर्फ वितळेपर्यंत थांबावं लागेल.
येरेवानचा फोन वाजत राहिला.

वाराझ्दातनी फुटके तुकडे बादलीत भरले,
मोठे खाली, बारीक वर, सवयीने.
कोटाची बटणं लावता लावता दारातून विचारलं,
उद्या किती?
सहा, मी म्हटलं.
आडवे?
आडवे.