गार्डाचा डबा

गव्हाणीत साकेगावचा कडबा पसरला,
मेंढरं, उंट, राजे मांडले दोनदा.
दोन्ही वेळा शमुवेलनं उचलून
खिडकीखाली लावली रांग,
शेपटीला तोंड,
यार्डातली मालगाडीच.

सात वर्षांचा. अजून एक शब्द नाही.

कॅरोलवाले ढोलकी घेऊन क्वार्टरांत शिरले
तसे त्याने कान दाबले.
धाकटी सलोमी पळाली अनवाणी,
"हळू गा ना, आमचा दादा आहे घरात."
भुसावळच्या थंडीत बारा माणसं
कुजबुजत गायली.

करंजी तेलात तशीच ठेवून मी पाहिलं:
सगळ्यांच्या मागे, एकटा,
बाळ येशू.
"त्याला पुढे घे रे," म्हटलं.

सलोमी वैतागली,
"आई, गार्ड शेवटीच असतो.
त्यानं हिरवा बावटा दाखवल्याशिवाय
गाडी हलते का?"